एका अल्बमची तीन ध्वनिमुद्रणं

जानेवारी २००२ मध्ये ईएमआय या बलाढ्य ब्रिटिश संगीत कंपनीनं मराया कॅरी या गायिकेला दोन कोटी ऐंशी लाख डॉलर मोजले. गाण्यासाठी नव्हे, तर गाणं थांबवून करारातून मोकळं होण्यासाठी. वर्षही झालं नव्हतं तिला वाजतगाजत आणून. तिचा ‘ग्लिटर’ हा अल्बम योगायोगानं ११ सप्टेंबर २००१ या दिवशीच अमेरिकेच्या दुकानांत पोचला आणि त्यावर खर्चलेला पैसा बुडाला. मार्चमध्ये ईएमआयनं अठराशे माणसं कमी करणार असल्याचं जाहीर केलं.

या दोन बातम्यांच्या मधल्या फटीत, २६ फेब्रुवारीला, त्याच कंपनीच्या एका छोट्या जॅझ विभागानं बावीस वर्षांच्या एका अनोळखी मुलीचा पहिला अल्बम बाजारात आणला. विभागाचं नाव ‘ब्लू नोट’, मुलीचं नोरा जोन्स आणि अल्बमचं ‘कम अवे विथ मी’. बिलबोर्डच्या यादीत तो आला तेव्हा १३९व्या जागी होता. आज जगभरात त्याच्या सुमारे दोन कोटी सत्तर लाख प्रती खपल्याचं सांगतात. कोट्यवधी ओतून घेतलेला आवाज आपटला आणि बाकीच्यांनी फारसं लक्ष न दिलेला आवाज तरला, असं याचं सोपं कथानक नेहमी ऐकवलं जातं. पण तो आवाज तसाच्या तसा आपल्यापर्यंत पोचावा, यासाठी काय काय बाजूला काढून ठेवावं लागलं, ती गोष्ट जास्त रंजक आहे.

त्यासाठी आधी ब्लू नोट म्हणजे काय, हे पाहायला हवं. नाझी जर्मनी सोडून आलेल्या आल्फ्रेड लायन या जॅझवेड्या तरुणानं १९३९ मध्ये न्यूयॉर्कमध्ये ही कंपनी काढली. बालपणीचा मित्र फ्रान्सिस वोल्फ लवकरच त्याला येऊन मिळाला. लायन ध्वनिमुद्रण बघायचा, वोल्फ फोटो काढायचा. थेलोनियस मंक, आर्ट ब्लेकी, जॉन कोल्ट्रेनचा ‘ब्लू ट्रेन’ ही सगळी त्यांची दौलत. रूडी व्हॅन गेल्डर हा ध्वनिमुद्रक सुरुवातीची कित्येक वर्षं न्यू जर्सीत आपल्या आईवडिलांच्या घरातल्या दिवाणखान्यात यातलं बरंचसं टिपत असे. नाव मोठं, धंदा मात्र बेताचा. साठच्या दशकात कंपनी विकली गेली आणि पुढे तिचा दिवा जवळजवळ विझला. १९८५ मध्ये ईएमआयनं तिला पुन्हा उभं केलं आणि सूत्रं ब्रूस लुंडवाल यांच्या हाती दिली.

लुंडवाल हे जुन्या वळणाचे कंपनीप्रमुख. जॅझवर जीव, पण हिशेबाची वहीही नीट वाचता येणारे. निव्वळ जॅझवर लेबल चालत नाही, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. म्हणून त्यांनी कॅसँड्रा विल्सनसारख्या गायिकेला जॅझच्या कुंपणाबाहेरची गाणी गाऊ दिली आणि यूएसथ्री या गटाला हर्बी हॅनकॉकच्या जुन्या तबकड्यांचे तुकडे वापरून रॅप करायला मुभा दिली. कुंपण थोडं वाकवायची सवय ब्लू नोटला नोरा येण्याआधीच लागलेली होती.

नोराचा जन्म १९७९ चा, न्यूयॉर्कमधला. आई स्यू जोन्स संगीताचे कार्यक्रम आयोजित करायची. वडील पंडित रविशंकर. आईवडील वेगळे झाले आणि मुलगी आईबरोबर टेक्ससमधल्या ग्रेपव्हाइन या गावी वाढली. वडिलांच्या सतारीपेक्षा आईच्या तबकड्याच तिच्या कानावर जास्त पडल्या. त्यात बिली हॉलिडेच्या आठ तबकड्यांचा एक संच होता आणि त्यातली आवडती गाणी ती पुन्हा पुन्हा लावायची. चर्चच्या गायनवृंदात गाणं झालं, सातव्या वर्षापासून पियानोची शिकवणी झाली. सोळाव्या वाढदिवसाला एका कॉफीहाउसमध्ये, कुणीही उठून गावं अशा रात्री, तिनं पहिल्यांदा एकटीनं गायलं. डॅलसच्या कलाशाळेत असताना ‘डाउनबीट’ मासिकाची विद्यार्थ्यांसाठीची जॅझ गायनाची बक्षिसं तिनं मिळवली आणि पुढे नॉर्थ टेक्सस विद्यापीठात जॅझ पियानो शिकायला गेली.

टेक्सस हा तपशील महत्त्वाचा आहे. तिथे जॅझ शिकायला विद्यापीठात जावं लागतं, कंट्री संगीत मात्र रेडिओतून न बोलावताच घरात येतं. हँक विल्यम्स आणि विली नेल्सन तिला शिकावे लागले नाहीत.

विद्यापीठात एकदा न्यूयॉर्कहून काही वादक आले. त्यांची ने-आण करायला मोठी गाडी हवी होती आणि नोराकडे एक जुनी, ऐसपैस कॅडिलॅक होती. त्या वादकांबरोबर जेसी हॅरिस नावाचा गीतकार होता. ओळख झाली, गाण्यांची देवाणघेवाण सुरू झाली. १९९९ च्या उन्हाळ्यात तिला ग्रीनिच व्हिलेजमध्ये थोड्या दिवसांसाठी राहायला जागा मिळाली. सुट्टी संपली की परत कॉलेजात जायचं, असं ठरलं होतं. ती परतलीच नाही.

पुढची दीड-दोन वर्षं न्यूयॉर्कमध्ये नशीब काढायला आलेल्या कुठल्याही वादकाची असतात तशीच गेली. हॉटेलात वेट्रेसचं काम, रेस्तराँमध्ये जेवणाऱ्यांच्या गप्पांवरून वाजवलेला पियानो, रात्री ‘वॅक्स पोएटिक’ या गटात गाणं आणि मॅनहॅटनच्या लोअर ईस्ट साइडमधल्या ‘द लिव्हिंग रूम’ या छोट्याशा जागी स्वतःच्या मंडळींचा कार्यक्रम. मंडळी म्हणजे गिटारवर हॅरिस, बासवर ली अलेक्झांडर, ड्रमवर डॅन रायझर. रेस्तराँत ती जॅझची जुनी गाणी गायची, लिव्हिंग रूममध्ये हॅरिस आणि अलेक्झांडरनं लिहिलेली नवी. याच काळात तिच्यात एक बदल घडला. जॅझची पदवी घ्यायला निघालेली मुलगी हळूहळू गीतकारांच्या कोंडाळ्यात रमली.

ईएमआयच्या एका शाखेत रॉयल्टीचे हिशेब बघणारी एक कर्मचारी तिचं गाणं ऐकून इतकी भारावली, की ती नोराला थेट लुंडवाल यांच्या भेटीला घेऊन गेली. तीन गाण्यांचा डेमो त्यांनी ऐकला. शोध पथकं, बाजार पाहणी यांतलं काहीच नाही. कंपनीचा प्रमुख खुर्चीत बसून गाणं ऐकतो आणि हो म्हणतो, ही पद्धत तेव्हाच जुनी झाली होती. ती शेवटची जिथे टिकून होती अशा थोड्या दारांपैकी एक नोराला उघडं मिळालं.

ऑक्टोबर २००० मध्ये ब्लू नोटनं तिला मॅनहॅटनमधल्या ‘सॉर्सरर साउंड’ या स्टुडिओत प्राथमिक ध्वनिमुद्रणासाठी बसवलं. ध्वनिमुद्रक होते जे न्यूलँड. मंडळी आली, बसली, वाजवून गेली. त्यातच हॅरिसचं ‘डोन्ट नो व्हाय’ होतं, जे त्यानं आधी स्वतःच्या अल्बमवरही गायलं होतं. जानेवारी २००१ मध्ये करार झाला. पण गाणी ऐकून लुंडवाल यांना प्रश्न पडला, की हे जॅझ कुठे आहे? ईएमआयचंच ‘मॅनहॅटन’ नावाचं पॉपकडे झुकणारं दुसरं लेबल होतं. तिकडे जा, असं त्यांनी सुचवलं. नोरा अडून बसली. तिला ब्लू नोटच हवं होतं.

मग मे महिन्यात खरं, म्हणजे महागडं, ध्वनिमुद्रण सुरू झालं. कॅसँड्रा विल्सनचे गाजलेले अल्बम घडवणारे क्रेग स्ट्रीट निर्माते होते. जागा न्यूयॉर्कच्या उत्तरेला कॅट्सकिलच्या डोंगरावरचा अलेअर स्टुडिओ. वादकांत बिल फ्रिझेल आणि केव्हिन ब्राइट यांच्यासारखे गिटारवादक, ब्रायन ब्लेडसारखा ड्रमवादक. कुठल्याही नवख्या गायिकेला हेवा वाटावा असा हा ताफा. टेप न्यूयॉर्कला आल्या आणि लुंडवाल यांचं मन खट्टू झालं. वादन सुरेख होतं, वातावरण होतं, पण गिटारींच्या दाट सावलीत पियानो मागे गेला होता आणि गाणारी मुलगीही.

इथे एक निर्णय झाला. डोंगरावरचं जवळजवळ सगळं काम बाजूला ठेवायचं आणि डेमोमध्ये जे होतं तिकडे परत जायचं. खर्च झालेला पैसा माणसाला सहसा पुढेच ढकलत नेतो. ज्या कंपनीच्या दुसऱ्या दालनात याच काळात पाण्यासारखा पैसा वाहत होता, तिथे एका छोट्या विभागाच्या प्रमुखानं हे धाडस केलं, याचं श्रेय त्याला द्यायलाच हवं. श्रेयाचा वाटा नोराचाही आहे. तिलाही ते ध्वनिमुद्रण आपलं वाटलं नव्हतं.

लुंडवाल यांनी अरिफ मार्डिन यांना गाठलं. इस्तंबूलमध्ये १९३२ साली जन्मलेले मार्डिन शिष्यवृत्तीवर बॉस्टनच्या बर्कलीत शिकले आणि १९६३ पासून अटलांटिक रेकॉर्ड्समध्ये होते. अरीथा फ्रँकलिन, डस्टी स्प्रिंगफील्ड, बी जीज हे सगळे त्यांच्या हाताखालून गेलेले. नुकतेच, सत्तरीच्या उंबरठ्यावर, ते अटलांटिकमधून बाहेर पडले होते. व्हायोलिनांचे भरगच्च ताफे आणि पितळी वाद्यांची रचना ही त्यांची ख्याती आणि नोराला नेमकी त्याचीच धास्ती होती. हे गृहस्थ आपल्या गाण्यांवर वाद्यवृंदाचा शालू चढवणार, असं तिला वाटलं.

तसं काही झालं नाही. ऑगस्टमध्ये पुन्हा सॉर्सरर साउंडमध्ये काम सुरू झालं. तीच मंडळी, तेच न्यूलँड. मार्डिन यांनी गाण्यांत भर फारशी घातली नाही, राखण मात्र केली. ‘डोन्ट नो व्हाय’साठी तर डेमोमधलाच टेक कायम ठेवला गेला, वरून किरकोळ भर घालून. जगानं ज्या गाण्यामुळे या मुलीला ओळखलं, ते गाणं करार होण्याच्याही आधी, कसलंही दडपण नसताना एका बैठकीत वाजवलेलं आहे. ‘टर्न मी ऑन’ही डेमोतलंच. डोंगरावरच्या कामातलं थोडंसं उरलं. फ्रिझेलची गिटार ऐकायची तर ‘द लाँग डे इज ओव्हर’ लावावं.

अल्बममध्ये चौदा गाणी आहेत. बहुतेक हॅरिस आणि अलेक्झांडरची. शीर्षकगीत आणि ‘नाइटिंगेल’ ही दोन नोराची स्वतःची. हँक विल्यम्सचं १९५१ चं ‘कोल्ड, कोल्ड हार्ट’ आहे, पण कंट्रीतला रडवा सूर काढून टाकून. आणि अखेरीस होगी कारमायकलचं ‘द निअरनेस ऑफ यू’, ज्यात फक्त पियानो आणि आवाज. कान जरा जवळ नेला तर ‘डोन्ट नो व्हाय’मध्ये किती कमी घडतं, हे लक्षात येतं. ड्रमवर ठोके नाहीत, हलके फटकारे आहेत. पियानो ओळ संपली की दोन-चार स्वर टाकतो आणि गप्प होतो. आवाज ठेक्याच्या किंचित मागे रेलून चालतो, शब्द उशिरा टेकवतो. एकही लांबलचक एकल वादन नाही.

मग याला जॅझ म्हणायचं का? कर्मठ जॅझप्रेमींनी तेव्हाच नाकं मुरडली आणि कुणी तरी तिला घोरण्यावरून टोपणनावही बहाल केलं. तक्रार अगदीच पोकळ नव्हती. तात्काळ रचत जाणं, उधळून देणं, धोका पत्करणं हा जॅझचा गाभा इथे नाही. पण शास्त्रीय बैठक पक्की असलेला गायक भावगीत गाताना तानेचा मोह आवरतो, तेव्हा त्याची तालीम दिसत नाही, तरी ती प्रत्येक स्वराच्या लावण्यात असते. नोराचं जॅझ तसं आहे. ते बिली हॉलिडेकडून आलेल्या शब्दफेकीत आहे, चार वादकांनी एकमेकांना दिलेल्या जागेत आहे. सोल आणि कंट्री वरच्या थरात, जॅझ पायात.

अल्बम बाहेर पडल्यावर काही दिवस फार काही झालं नाही. मग तो चढायला लागला, पण जिना एकेक पायरी चढावा तसा. व्हीएच-वन वाहिनीवर गाणं दिसू लागलं, प्रौढ श्रोत्यांच्या रेडिओ केंद्रांनी ते उचललं, नोरा गावोगाव गात फिरली. त्या वर्षांत अमेरिकेत गाणी फुकट उतरवून घेण्याची लाट आली होती. नॅपस्टर २००१ मध्ये कोर्टानं बंद पाडलं, तरी सवय लागून गेली होती आणि सीडीचा खप उतरत होता. ती लाट मुख्यतः तरुणांची होती. पस्तिशी-चाळिशीपुढची मंडळी अजून दुकानात जाऊन सीडी विकत घेत होती आणि त्यांच्यासाठी नवं असं फारसं कुणी गातच नव्हतं. ११ सप्टेंबरनंतर घायाळ झालेल्या अमेरिकेला हा शांत आवाज हवा होता, असं एक स्पष्टीकरण तेव्हा फार चाललं. त्यात तथ्य असेल, पण ते ऐकणाऱ्यांपुरतं. गाणाऱ्यांच्या मनात तसं काही असण्याचं कारण नव्हतं, कारण काम ऑगस्टमध्ये आटोपलं होतं. आणि हल्ल्यानंतर अनेक सौम्य गाणी बाजारात आली, त्यातली बहुतेक कुणाला आठवतही नाहीत.

खप वाढत चालला तशी नोरा धास्तावली. दहा लाखांचा टप्पा ओलांडल्यावर, आता पुरे, विकणं थांबवता येणार नाही का, अशा अर्थाचं तिनं आपल्याला विचारल्याचं लुंडवाल सांगत. ते थांबलं नाही. जानेवारी २००३ मध्ये, प्रकाशनाला अकरा महिने होत आल्यावर, अल्बम बिलबोर्डच्या यादीत पहिल्या क्रमांकावर गेला.

२३ फेब्रुवारी २००३. न्यूयॉर्कचं मॅडिसन स्क्वेअर गार्डन, ग्रॅमी पुरस्कारांची रात्र. वर्षाच्या अल्बमसाठी समोर ब्रूस स्प्रिंगस्टीनचा ‘द रायझिंग’ होता, ११ सप्टेंबरच्या जखमेवरच रचलेला आणि अनेकांच्या मते हक्काचा विजेता. एमिनेम होता, डिक्सी चिक्स होत्या, नेली होता. आणि नाव नोराचंच पुकारलं गेलं. पुन्हा पुन्हा. तिचे स्वतःचे पाच पुरस्कार झाले. एका रात्रीत इतके मिळवणाऱ्या स्त्रिया तोवर दोनच होत्या, लॉरिन हिल आणि अलिशिया कीज. वर्षाचं सर्वोत्तम गीत म्हणून हॅरिसला, निर्माता म्हणून मार्डिन यांना आणि ध्वनिमुद्रणासाठी न्यूलँड व त्यांच्या सहकाऱ्याला मिळालेले पुरस्कार धरले तर अल्बमच्या खाती आठ जमले. पुढच्या आठवड्यात अमेरिकेत त्याच्या सहा लाखांवर प्रती उठल्या.

भारतातल्या वर्तमानपत्रांनी दुसऱ्या दिवशी ‘रविशंकरांची कन्या’ असाच मथळा केला, यात नवल नाही. नोराला मात्र या ओळखीचा जाच व्हायचा. लहानपणी वडिलांची भेट क्वचित, मग कित्येक वर्षं तीही नाही, अठराव्या वर्षी पुन्हा जुळलेलं नातं. सोळाव्या वर्षी तिनं कायदेशीररीत्या नाव बदलून ‘गीताली नोरा जोन्स शंकर’चं नुसतं नोरा जोन्स केलं होतं. मुलाखतींत वडिलांचा विषय निघाला की ती आखडायची. तिच्या गाण्यात सतारीचे अंश शोधणाऱ्यांना रिकाम्या हातानं परतावं लागतं. तिच्या घडणीत आईचा वाटाच मोठा आहे आणि त्या आईचं नाव आपल्याकडच्या बातम्यांत जेमतेम एका ओळीत आलं. तरी एक योगायोग नोंदवण्याजोगा आहे. बरोबर तीस वर्षं आधी, १९७३ मध्ये, वर्षाच्या अल्बमचा हाच ग्रॅमी ‘द कॉन्सर्ट फॉर बांगलादेश’ला मिळाला होता आणि त्याच्या मानकऱ्यांत जॉर्ज हॅरिसनबरोबर रविशंकरही होते. २००३ च्या त्याच समारंभात रविशंकरांच्या धाकट्या मुलीला, अनुष्कालाही, जागतिक संगीताच्या विभागात नामांकन होतं. पंडितजी डिसेंबर २०१२ मध्ये गेले. त्यानंतर तीन महिन्यांच्या आत, मार्च २०१३ मध्ये, नोरा मुंबईत गाऊन गेली.

यशाचे परिणाम सरळ नव्हते. साऱ्या कंपन्या आपापली नोरा शोधायला निघाल्या. केटी मेलुआ, मॅडलिन पेरू, इंग्लंडात जेमी कलम यांच्यासाठी बाजार एकदम खुला झाला. हे सगळे तिची नक्कल होते असं नाही. पेरूचा पहिला अल्बम तर १९९६ चा, पण दुकानाच्या पुढच्या मांडणीत जागा मिळाली ती आता. ऑक्टोबर २००३ मध्ये लंडनच्या एमी वाइनहाउसचा ‘फ्रँक’ आला. तोही पहिलाच अल्बम, तोही जॅझमध्ये भिजलेला, पण वृत्तीनं पार उलटा, धारदार आणि तोंडाळ.

ब्लू नोटचं रूप पालटलं. व्हॅन मॉरिसन, अल ग्रीन, अनीटा बेकर अशी पॉप-सोलमधली जुनी बडी नावं तिथे येऊन गायली. जॅझवाल्यांना धाकधूक होती आणि तिला इतिहासाचा आधार होता. १९६४ मध्ये ली मॉर्गनचा ‘द साइडवाइंडर’ अनपेक्षित खपला, तेव्हा वितरक लायनच्या मागे लागले, की आता दर वेळी असंच काढा. यशानं कंपनीचा श्वास कोंडला, ती विकली गेली त्यामागे हेही एक कारण होतं. या वेळी तसं घडलं नाही. लुंडवाल यांनी जेसन मोरनला सोडलं नाही, तरुण रॉबर्ट ग्लास्परला घेतलं, आणि मंक-कोल्ट्रेन यांचं १९५७ चं कार्नेगी हॉलमधलं हरवलेलं ध्वनिमुद्रण सापडलं, ते २००५ मध्ये प्रकाशित केलं. नोराच्या गल्ल्यानं या साऱ्याला बळ दिलं असणार, असं मानायला हरकत नाही. ईएमआयला मात्र एका गायिकेनं तारलं नाही. २००७ मध्ये ती एका गुंतवणूक कंपनीकडे गेली आणि पाच वर्षांत तिचे तुकडे विकले गेले. ब्लू नोट तगली. नोरा अजूनही तिथेच आहे.

मार्डिन २००६ मध्ये वारले, लुंडवाल २०१५ मध्ये. त्यामुळे २०२२ मध्ये अल्बमला वीस वर्षं झाली म्हणून चव्वेचाळीस ध्वनिमुद्रणांचा संच निघाला आणि डोंगरावरच्या अलेअरच्या टेप पहिल्यांदा सगळ्यांना ऐकायला मिळाल्या, तेव्हा त्यांवर बोलायला दोघंही नव्हते. आता हे ऑक्टोबरचं, मेचं आणि ऑगस्टचं काम शेजारी शेजारी ठेवून ताडून पाहता येतं. मेचं काम वाईट मुळीच नाही. गिटारींचा धुकट पडदा काही गाण्यांना गूढ करतो, ब्लेडचे ड्रम जिवंत आहेत आणि जॅझच्या चोखंदळ श्रोत्याला कदाचित हेच जास्त आवडेल. तो अल्बम निघाला असता तर समीक्षकांनी वाखाणला असता आणि ब्लू नोटच्या नेहमीच्या गिऱ्हाइकांनी घेतला असता. फक्त त्यात नोरा एका उत्तम वाद्यमेळातली गायिका वाटते आणि सॉर्सररमधल्या कामात तो मेळ तिच्या पियानोभोवती बसलेला वाटतो. लुंडवाल यांनी हा फरक २००१ च्या उन्हाळ्यात, तुलनेला नुसता डेमो हाताशी असताना ओळखला होता.